बँडच्या सरावासाठी गिटारचा अँप्लिफायर : निवड कशी करावी?



आपल्या शाळेत हार्मोनियम-तबला पूर्वापार आहेत. आता वरच्या वर्गातील मुलामुलींनी एक लहानसा बँडही उभा केला आहे. त्यात एक ड्रमसेट, दोन इलेक्ट्रिक गिटार, एक कीबोर्ड आणि एक गाणारी मुलगी आहे. मुलांनी अर्ज दिला आहे की सरावासाठी शंभर वॅटचा अँप्लिफायर घ्यावा. काही पालकांचे म्हणणे आहे की दहा वॅटचा छोटा डबा पुरे, उगाच खर्च नको. विश्वस्तांनी विचारले की या दोहोंत योग्य काय? प्रश्न रास्त आहे, कारण पैसा देणगीदारांचा आहे आणि कान आपल्या मुलांचे आहेत. म्हणून या अंकाचा पाठ याच विषयावर.

गिटार म्हणजे काहीतरी परके, असे कुणी समजू नये. पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे. शिवाय उस्ताद अमीर खाँ यांच्यामुळे आपल्या इंदूरचे नाव एका घराण्याला लाभले. त्यांचे गाणे शांत आणि संथ. गाणे पोहोचण्यासाठी मोठा आवाज लागतोच असे नाही, हे आपल्या शहराला वेगळे सांगायला नको. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

1. अँप्लिफायर नेमके काय करतो?

इलेक्ट्रिक गिटारची तार पोलादी असते. तिच्याखाली पिकअप बसवलेला असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पुस्तकातील धडा इथे आपल्या हातात वाजतो. नायलॉनच्या तारेवर हा पिकअप चालत नाही. का, याचा विचार करा.

हा विद्युतदाब फार थोडा असतो, व्होल्टचा काही अंश. त्यावर स्पीकर हलत नाही. अँप्लिफायर ते काम तीन टप्प्यांत करतो. पहिला भाग संकेत थोडा वाढवतो. दुसऱ्या भागात बेस, मिडल, ट्रेबल या नॉबने जाड-बारीक स्वरांचे प्रमाण ठरते. तिसरा भाग संकेताला इतकी शक्ती देतो की स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे हलू लागतो. मी हिंदी माध्यमातून शिकलो. तिथे याला 'प्रवर्धक' म्हणत. प्रवर्तन आणि प्रवर्धन या दोन शब्दांत मुलांची नेहमी गल्लत होते. पहिले म्हणजे वीज निर्माण होणे, दुसरे म्हणजे ती वाढवणे. पिकअपमध्ये प्रवर्तन, अँपमध्ये प्रवर्धन, एवढे लक्षात ठेवले तरी गल्लत होणार नाही.

2. 'सॉलिड स्टेट' म्हणजे काय?

पूर्वी वाढवण्याचे काम काचेच्या व्हॉल्व्हमध्ये होत असे. आजी-आजोबांच्या जुन्या रेडिओत लाल तापणारे दिवे असत, तेच. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. या कामासाठी त्या दोघांना व विल्यम शॉकली यांना 1956 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरमध्ये विजेचा प्रवास निर्वात नळीतून न होता घन पदार्थातून होतो. म्हणून 'सॉलिड स्टेट', हिंदी पुस्तकातील 'ठोस अवस्था'.

व्हॉल्व्हचा अँप आजही बनतो आणि अनेक वादकांना तोच प्रिय आहे. तो मर्यादेबाहेर ताणला की आवाज हळूहळू, गोडसर फाटतो. परंतु तो जड असतो, महाग असतो, व्हॉल्व्ह काही काळाने बदलावे लागतात आणि आत शेकडो व्होल्टचा दाब असतो. शाळेच्या खोलीत, अनेक हातांत फिरणाऱ्या वस्तूसाठी हे सोयीचे नाही.

सॉलिड स्टेट अँप हलका, स्वस्त आणि टिकाऊ. त्याचा एक स्वभाव मात्र ओळखून घ्यावा. मर्यादेपर्यंत तो स्वच्छ वाजतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम कर्कश फाटतो. म्हणजे तो कधीच पूर्ण ताणावा लागणार नाही, इतकी शिल्लक शक्ती त्यात असली पाहिजे. 'स्वस्त म्हणजे दुय्यम' असेही समजू नये. रोलंड कंपनीचा जेसी-120 हा अँप 1975 मध्ये आला. तो सॉलिड स्टेटच आहे आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी आजही नावाजला जातो.

3. वॅटचे गणित

मुलांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. शंभर वॅटचा अँप दहा वॅटच्या दहापट मोठा ऐकू येत नाही. आपला कान तसे मोजत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी 3 डेसिबलने वाढते, दहापट केली की 10 डेसिबलने. आणि 10 डेसिबलची वाढ आपल्याला साधारण दुप्पट मोठी भासते. म्हणजे दहापट वॅट, तर दुप्पट आवाज.

दुसरी गोष्ट, स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे सोपे घेतले आहेत.

अँप अ : 10 वॅट, लहान स्पीकर, संवेदनशीलता 90. जास्तीत जास्त 90 + 10 = 100 डेसिबल.
अँप ब : 40 वॅट, 12 इंची स्पीकर, संवेदनशीलता 95. जास्तीत जास्त 95 + 16 = 111 डेसिबल.
अँप क : 100 वॅट, तोच 12 इंची स्पीकर. जास्तीत जास्त 95 + 20 = 115 डेसिबल.

ब आणि क यांत 60 वॅटचा फरक, पण कानाला फक्त 4 डेसिबल. उलट अ आणि ब यांत 30 वॅटचाच फरक आणि 11 डेसिबल, कारण शक्ती चौपट झाली आणि स्पीकरही बदलला. चांगल्या स्पीकरचे 3 डेसिबल हे दुप्पट वॅटच्या बरोबरीचे असतात, हे जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही.

आता बँडकडे वळू. जोरात वाजवलेला ड्रमसेट जवळून सहज 100 डेसिबलच्या घरात जातो. गिटारला सरासरी तितके यायचे तर ब अँपला सुमारे 3 वॅटच लागतात. पण तारेवर हात पडतो त्या क्षणी संकेत उसळी घेतो. ही उसळी 10 डेसिबलची धरली तर त्या क्षणापुरते सुमारे 32 वॅट हवेत. ब कडे 40 आहेत, म्हणजे उसळी मावली आणि आवाज स्वच्छ राहिला. अ कडे सरासरीतच सगळे संपले, उसळीला जागा नाही. तो फाटणार. क कडे सुमारे 68 वॅट नुसते पडून राहणार.

म्हणून मुलांचे शंभर आणि पालकांचे दहा, दोन्ही सरावाच्या कामाचे नाहीत. ड्रमबरोबर खोलीत सराव करायचा तर 30 ते 50 वॅट आणि 10 किंवा 12 इंची स्पीकर, ही योग्य जागा. घरी एकट्याने रियाज करायला मात्र दहा वॅट अगदी पुरेसे आहेत. पालकांनी घरासाठी मोठा घेऊ नये.

आपल्याकडे गिटार दोन आहेत. एकाच अँपमध्ये दोन्ही घुसवल्या तर दोघांचेही नीट ऐकू येत नाही आणि वाद होतात. तेव्हा एक शंभर वॅटचा घेण्यापेक्षा दोन 30-40 वॅटचे घेतल्यास किती पडते, हा भाव दुकानदाराकडून जरूर मागवावा.

4. आधी गाणारीचा आवाज

बँड ऐकताना श्रोते शब्द शोधतात. पण सरावात सर्वांत आधी बुडतो तो गाणाऱ्याचाच आवाज. गिटारवाला नॉब वाढवतो, म्हणून ड्रमवाला जोरात मारतो, म्हणून गिटारवाला आणखी वाढवतो. मधली मुलगी ओरडून गाऊ लागते. रोज अशी ओरडली तर गळा बसतो. वाढत्या वयात तर हे फारच वाईट.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा : प्रथम गाण्यासाठी माइक, लहान मिक्सर आणि आतच अँप्लिफायर असलेला एक स्पीकर. उरलेल्या रकमेत गिटारचे अँप. कीबोर्डही त्याच मिक्सरमध्ये जोडावा. गिटारचा स्पीकर मुद्दाम असा बनवलेला असतो की सुमारे 5 हजार हर्ट्झच्या वरचे स्वर तो फारसे देत नाही. गिटारला ते मानवते, पण कीबोर्ड आणि माइक त्यातून दबके ऐकू येतात. पुढे कुणी बेस गिटार आणली तर तीही या अँपला लावू नये. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 हर्ट्झची, बेसची सुमारे 41 हर्ट्झची. म्हणजे एक सप्तक खाली. ते धक्के गिटारच्या स्पीकरचा कोन फाडू शकतात.

'प्रार्थनेच्या माइकचा अँप्लिफायर आहेच की, गिटार त्यालाच लावा' अशीही एक सूचना आली. तिथल्या माइकच्या जागी गिटार थेट लावली तर पिकअपवर जादा भार येतो आणि बारीक स्वर मंद होतात. शिवाय भाषणाचे भोंगे आणि कॉलम गिटारसाठी बनलेले नाहीत. तो अँप प्रार्थनेसाठीच राहू द्यावा.

5. काय पाहावे, कशाला भुलू नये

अवश्य पाहावे :
(अ) स्वच्छ आवाजाचे चॅनेल. अर्ध्याच्या वर नॉब नेला तरी स्वर फुटू नये.
(आ) बेस, मिडल, ट्रेबल असे तीन वेगळे नॉब.
(इ) हेडफोनचे भोक. एक जण शांतपणे रियाज करू शकतो.
(ई) मिक्सरला जोडण्यासाठी लाइन-आउट. स्नेहसंमेलनात हेच उपयोगी पडते. मोठे स्टेज असले तरी मोठा अँप लागत नाही, आवाज सभागृहाच्या यंत्रणेतून जातो.
(उ) शक्ती कमी-जास्त करण्याची सोय असल्यास उत्तम. बॉस कंपनीच्या कटाना-50 वर 50, 25 आणि अर्धा वॅट अशा तीन पायऱ्या आहेत. ऑरेंज कंपनीच्या क्रश 35 आरटी मध्ये 10 इंची स्पीकर आहे. ही नावे जाहिरात म्हणून नव्हेत, कोणत्या वर्गातला अँप पाहायचा ते कळावे म्हणून दिली आहेत.

भुलू नये अशा गोष्टी : शेकडो इफेक्ट, रंगीत दिवे, आणि डब्यावर छापलेला फुगीर वॅटचा आकडा. काही ठिकाणी क्षणभराची कमाल शक्ती छापतात. आपण 'आरएमएस' लिहिलेला आकडाच विचारावा. स्पीकर किती ओहमचा आहे तेही पाहावे. मागे दुसरा स्पीकर जोडण्याची सोय असली तर कमीत कमी किती ओहम चालतील ते छापलेले असते. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात. अँपला 8 च्या खाली चालत नसेल तर त्यातील ट्रान्झिस्टर जळतील. हा दहावीचाच धडा.

6. दुकानात तपासणी

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जावे. दुकानातील महागड्या गिटारवर प्रत्येक अँप छानच वाजतो. मग पुढीलप्रमाणे पाहावे.

1. गिटारचा आवाज शून्यावर ठेवून अँपचा नॉब अर्ध्यावर न्यावा. गुणगुण आणि सूं-सूं किती येते ते ऐकावे.
2. प्रत्येक नॉब हळूहळू फिरवावा. खरखर आली तर आत धूळ आहे किंवा भाग झिजला आहे.
3. केबल लावून जॅक हलकेच हलवावा. आवाज तुटता कामा नये.
4. सर्वांत जाड तार मोकळी, जोरात वाजवावी. डबा किंवा जाळी थरथरू नये.
5. स्वच्छ चॅनेलवर सहा तारांचा पूर्ण कॉर्ड वाजवून आवाज वाढवत न्यावा. कुठे फुटतो ते लिहून ठेवावे.
6. तीन पावले मागे जाऊन दुसऱ्याला वाजवायला सांगावे. अँपसमोर उकिडवे बसून ऐकलेला आवाज बँडमध्ये कामाचा नाही.
7. वीस मिनिटे चालू ठेवावा. जळका वास, वाढती गुणगुण, मध्येच आवाज बसणे, यांपैकी काही आढळल्यास नको म्हणावे.

सॉलिड स्टेट अँप जुना घेण्यास हरकत नाही, कारण त्यात झिजणारे भाग कमी. पण वरील सात गोष्टी अधिक कसून पाहाव्यात. नवा असल्यास पक्के बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती शहरातच होते का, हे विचारावे.

एक इशारा पालकांसाठी. अमेरिकेतील काका-मामा प्रेमाने अँप पाठवतात. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. मागच्या पट्टीवर फक्त 120 लिहिले असेल तर तो इथे थेट लावताच जळेल. जपानची वीज 100 व्होल्टची आहे. भेट स्वीकारण्यापूर्वी ती पट्टी वाचावी.

7. वीज : इथे तडजोड नाही

अँपच्या प्लगची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. ती तोडणे किंवा दोन पिनांचा जोड लावून काम चालवणे हा सर्वांत धोकादायक उद्योग आहे. गिटारच्या तारा धातूच्या, त्या केबलमधून अँपच्या पत्र्याशी जोडलेल्या. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसले तर तारांवर वीज येऊ शकते. वादकाचे ओठ माइकला लागले की त्याच्या शरीरातून मार्ग पूर्ण होतो. स्कॉटलंडचे गिटारवादक लेस्ली हार्वे 1972 मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे कार्यक्रमातच विजेच्या धक्क्याने मरण पावले. स्टेजवरच्या माइकला त्यांचा हात लागला होता. असे पुन्हा कुठेही होऊ नये.

तेव्हा अँप येण्याआधी सरावाच्या खोलीचे अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. 30 मिलीअँपियरला वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे. माइक आणि अँप एकाच बोर्डावर असावेत. ओल्या हातांनी, अनवाणी पायांनी वाजवायचे नाही. पावसाळ्यात फरशी ओलसर असेल तर सराव रद्द.

8. कान एकदाच मिळतात

आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान दुखत नाही, म्हणून कळतही नाही. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी दिलेली मर्यादा अशी आहे :

85 डेसिबल : दिवसाला 8 तास
88 डेसिबल : 4 तास
91 डेसिबल : 2 तास
94 डेसिबल : 1 तास
97 डेसिबल : 30 मिनिटे
100 डेसिबल : 15 मिनिटे

दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. वर आपण ड्रम 100 धरला होता, म्हणजे मर्यादा पंधरा मिनिटांत संपली! ही मर्यादा मोठ्यांसाठी आहे. मुलांनी तिच्याही आतच राहावे. तर मग उपाय काय? गिटारने ड्रमला गाठायचे नाही, ड्रमने गाण्याच्या पातळीवर खाली यायचे. जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीने वाजवावे, ढोलात जुनी चादर घालावी, भिंतींना सतरंज्या किंवा जाड पडदे लावावेत. मग सगळे 90 च्या खाली आणता येते आणि आपला 40 वॅटचा अँप तिथे अगदी निवांत चालतो. मोबाइलवरील आवाज मोजण्याचे अॅप अचूक नसते, तरी अंदाजापुरते ठीक. सराव 45 मिनिटे, मग पंधरा मिनिटे शांतता. कानात शिट्टी वाजू लागली तर त्या दिवशी सराव संपला असे समजावे आणि घरी सांगावे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. खिडक्या बंद ठेवून, संध्याकाळी सातच्या आत सराव आटोपणे बरे.

9. पैसे न लागणारी सुधारणा

अँप जमिनीवर ठेवला तर त्याचा आवाज वादकाच्या पोटरीवर आदळतो. बारीक स्वर स्पीकरमधून सरळ रेषेत जातात, त्यामुळे वादकाला कमी ऐकू येते आणि तो नॉब वाढवतो. समोर बसलेल्याचे कान मात्र फुटतात. अँप बाकावर ठेवावा किंवा मागे कलता करून त्याचे तोंड वादकाच्या कानाकडे करावे. आवाज आपोआप कमी होईल.

दुसरे, घरी एकट्याने वाजवताना मुले बेस आणि ट्रेबल वाढवतात व मिडल कमी करतात. एकट्याला ते भारदस्त वाटते. बँडमध्ये जाड स्वर ढोल खातो, बारीक स्वर झांजा खातात आणि गिटार नाहीशी होते. सरावात बेस थोडा कमी, मिडल थोडा जास्त ठेवावा. गाणे सुरू होताच दोघा गिटारवाल्यांनी गिटारवरच आवाज थोडा उतरवावा. तबलजी गायकाला जशी जागा देतो, तशीच.

सुरू करताना आवाजाचा नॉब शून्यावर, आधी केबल, मग बटण. बंद करताना आधी नॉब शून्यावर, मग बटण, शेवटी केबल. सराव संपला की कापडी खोळ घालावी आणि नोंदवहीत नाव लिहावे.

स्वाध्याय

1. 95 संवेदनशीलतेच्या स्पीकरवर 20 वॅटचा अँप जास्तीत जास्त किती डेसिबल देईल? 98 च्या स्पीकरवर किती?
2. प्रवर्तन आणि प्रवर्धन यांतील फरक गिटारच्या उदाहरणाने सांगा.
3. 94 डेसिबलवर अर्धा तास सराव झाल्यावर त्या दिवशी त्याच पातळीवर किती वेळ उरतो?
4. दोन 8 ओहमचे स्पीकर समांतर व एकसर जोडल्यास एकूण किती ओहम? कोणती जोडणी अँपला धोक्याची?
5. गटकार्य : शहरातील तीन दुकानांतून 30 ते 50 वॅटच्या अँपचे लेखी भाव आणा. आरएमएस वॅट, स्पीकरचा आकार, लाइन-आउट, वॉरंटी आणि किंमत असा तक्ता करा.

विश्वस्त मंडळींना विनंती की बँडच्या मुलांनी पाचव्या प्रश्नाचा तक्ता आणि माइक-मिक्सरचा भाव एकत्र सादर केल्यावरच, आणि खोलीच्या अर्थिंगचा लेखी दाखला हाती आल्यावरच खरेदीला मंजुरी द्यावी. मुलांनो, तक्ता पुढील शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावा. त्यावर गाणाऱ्या मुलीची सही सर्वांत वर असावी.